निळ्या खापराचा ठावठिकाणा

जुन्या नाशकात वाडा पाडायला काढला की आधी पितळ जातं, मग सागाचे खांब, मग दारावरची कोरीव गणेशपट्टी. शेवटी जे उरतं ते मी मागायची. फडताळात विसरलेली बरणी, कोनाड्यात बसवलेली निळी फरशी, मोडक्या सुरईचा गळा. शाळेत चित्रकला शिकवायची म्हणून मुलांची मी ‘बाई’ होते, बघता बघता भंगारवाल्यांचीही ‘बाई’ झाले. त्यातल्या एका चाचांनी माझ्यासाठी दुकानात एक गोणपाट वेगळं ठेवलं होतं. ज्याला गिऱ्हाईक नाही ते सगळं त्यात पडायचं. मी गेले की ते गोणपाट पुढे सारत. ‘बाई, बघून घ्या. तुमच्या कामाचं असेल ते काढा, बाकीचं तिथंच राहू द्या.’

भाव विचारण्याआधी मी एकच गोष्ट विचारायची. हे आलं कुठून? वाडा कोणता, मजला कोणता, भिंत कोणती? सुरुवातीला चाचांना हे रुचायचं नाही. माल चोरीचा आहे का, असंच मी आडून विचारतेय, असा त्यांचा समज व्हायचा. पुढे ते स्वतःच फुटक्या बशीला दोऱ्याने चिठ्ठी बांधून ठेवू लागले. चिठ्ठीवर गल्लीचं नाव, वाड्याची खूण, ‘माजघर’ किंवा ‘विहिरीकडची भिंत’ एवढंच. माझ्या सगळ्या संग्रहात या चिठ्ठ्यांइतकं मोलाचं दुसरं काही नाही, हे मी मनापासून सांगते.

मी जमवते ती झिलईची मातीची भांडी आणि फरशा. अभ्यासक त्यांना इस्लामी मृत्पात्रं म्हणतात. बसरा, निशापूर, काशान, मुलतान, सिंधमधलं हाला, अशा गावांतल्या कारागिरांनी हजारेक वर्षं जी विद्या सांभाळली, तिचा हा माल. तो मशिदीच्या दर्शनी भिंतीवर लागला तसा घरात जेवणाच्या दस्तरखानावरही आला, आणि गलबतांतून समुद्र ओलांडून कोकणपट्टीलाही उतरला. आपल्याकडे या भांड्यांचं वेड फारसं कुणाला नाही. नाणी, मूर्ती, पोथ्या, शस्त्रं जमवणारे पुष्कळ भेटतात. नाशकाला तर अंजनेरीत नाण्यांच्या अभ्यासाची संस्थाच आहे. खापराला मात्र अजून कुणी वाली नाही.

मला ओढलं ते रंगाने. मुलांना रंग शिकवताना आम्ही निळ्यात हिरवा मिसळून फिरोजी करतो. भट्टीत तो तसा होत नाही. तांब्याचा क्षार झिलईत घातला आणि झिलई वनस्पतींच्या राखेतल्या खारापासून केलेली असली, तर फिरोजी येतो. तेच तांबं शिसं घातलेल्या झिलईत गेलं की हिरवं होतं. गडद निळा हवा असेल तर कोबाल्ट लागतं. कुंभाराच्या हातात रंगाची डबी नसते, त्याला राख, गारगोटी आणि धातू यांची मापं ठाऊक असावी लागतात. काशानच्या कुंभारघराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली ही मापं लिहून ठेवली. दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती. चीनसारखी पांढरीशुभ्र माती इराणात नव्हती, म्हणून त्यांनी दगड दळून ती घडवली. अशा भांड्याची फुटकी कड भिंगाखाली धरली की साखरेसारखे पांढरे कण दिसतात. साध्या मातीच्या अंगाला ते कधी दिसत नाहीत. वस्तू हातात आली की मी आधी तुटलेली कड बघते, मग बूड, आणि नक्षी सगळ्यात शेवटी. घेणारा नक्षीवर भुलतो हे नक्कल करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, आणि बुडाकडे त्याचं लक्ष कमी असतं.

बूड वाचायला शिकायला मला बराच काळ लागला. खऱ्या जुन्या वाडग्याच्या आतल्या तळाशी पुष्कळदा तीन बारीक व्रण असतात. भट्टीत वाडग्यांची चळत लावताना दोन वाडग्यांच्या मध्ये मातीची छोटी तिवई ठेवत, नाहीतर झिलई वितळून दोन्ही एकमेकांना चिकटली असती. भाजून झाल्यावर तिवई तोडून काढली की तिच्या तीन पायांचे ठसे राहतात. खाली बैठकीच्या कड्यापाशी झिलई जाड होऊन ओघळलेली असते, एखादा थेंब तिथंच गोठलेला असतो. त्या थेंबावरून भांडं भट्टीत सरळ उभं होतं की कललेलं, तेही कळतं. जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या झिलईवर मोरपंखी झाक येते, कारण ओलीने काचेचे पापुद्रे सुटू लागतात. अशी झाक आम्लानेही आणता येते. पण ती सगळीकडे सारखी पसरते. मातीने आणलेली झाक जिथं ओल साचली तिथं दाट आणि बाकी ठिकाणी विरळ असते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी या झिलईचं नातं फार जुनं आहे. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. तिथं दहाएक हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलं. त्याच सुमाराचा, इ. स. ९२६ चा राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळचा ताम्रपट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. त्यात संजाणच्या मंडलाचा अधिकारी म्हणून मुहम्मद सुगतिप या ताजिकाचं, म्हणजे अरबाचं, नाव आहे, आणि त्याच्या संमतीने देवीच्या मठिकेला दिलेल्या दानाची नोंद आहे. संजाण आज गुजरातेत, आपल्या हद्दीला लागून. तिथं २००२ ते २००४ या काळात उत्खनन झालं आणि रुक्षाना नानजी यांनी तिथल्या खापरांचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. आखातातून आलेल्या जाड फिरोजी रांजणांची खापरं, कथलाची पांढरी झिलई, ओल्या लेपावर ओरखडून नक्षी काढलेले वाडगे, आणि त्यांच्याच सोबत चिनी भांडी. ताम्रपटात अधिकाऱ्याचं नाव आहे. त्याच्या बंदरात उतरलेल्या मालाची साक्ष खापरं देतात. आणि ती देऊ शकतात, कारण प्रत्येक खापर कुठल्या खड्ड्यात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी निघालं ते लिहिलेलं आहे. तेच खापर सुटं, फडक्यात गुंडाळून कुणी माझ्यापुढे ठेवलं असतं तर मी फक्त एवढं म्हटलं असतं, छान आहे.

आमच्या नाशकातही गोदावरीच्या काठावर मातीची गढी आहे. डेक्कन कॉलेजने १९५०-५१ साली तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांचा नाशिक-जोर्वे उत्खननाचा अहवाल १९५५ साली छापून आला. तो वाचल्यापासून मी त्या भागातून कधी नुसती चालत गेले नाही. तळाशी ताम्रपाषाण काळ, त्यावर सातवाहनांच्या आगेमागचे थर, रोमशी व्यापाराचा काळ, आणि सगळ्यात वर मुसलमानी-मराठा काळ. मोगलाईत या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. तो काळ आपल्या पायाखाली सगळ्यात वर आहे, म्हणून सगळ्यात आधी विस्कटतो. पायखान्याची टाकी खणली, नळ टाकला, गटार काढली, की पहिला घाव त्याच थरावर बसतो.

पावसाळ्यात गढीची कड ढासळते. तिथं राहणाऱ्या कुटुंबांचा जीव टांगणीला लागतो, ती काळजी खापरांच्या कितीतरी आधीची. त्या वस्तीतली मुलं माझ्या वर्गात असायची आणि दप्तरातून खापरं घेऊन यायची. बहुतेक लाल, काळी, साधी. कधी बांगडीचा रंगीत काचेचा तुकडा, कधी मातीच्या चिलमीचं बोंडूक. चिलीम मला फार आवडते, कारण ती तारीख सांगते. मोगल दूत असद बेगने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबराच्या दरबारात दाखवली ती १६०४ च्या सुमारास. विजापुरात ती त्याच्या थोडी आधी आलेली असणार, त्यामुळे ज्या थरात तंबाखूची चिलीम आली तो थर लवकरात लवकर सोळाव्या शतकाच्या अखेरीचा किंवा त्यानंतरचा. मुलांना हे कोडं सोडवायला मजा यायची. ‘बाई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या वेळची?’ असू शकेल, मी म्हणायची, पण कुठं सापडली ते आधी नीट सांग.

ती खापरं मी ठेवून घेतली नाहीत. मुलांकडून त्यांची चित्रं काढून घेतली, मागे जागा लिहायला लावली, आणि खापरं सरकारवाड्यात पुरातत्त्व खात्याकडे पोचती केली. खापराचं चित्र कसं काढायचं हे मी आधी अहवालातल्या आकृत्या बघून शिकले होते. एककेंद्री वर्तुळं काढलेल्या कागदावर काठ पालथा ठेवायचा आणि तो कुठल्या वर्तुळाला जुळतो ते बघायचं, की भांड्याचा व्यास मिळतो. मग मध्ये उभी रेघ. डावीकडे भिंतीचा काळा छेद, उजवीकडे बाहेरचं रूप. बोटभर तुकड्यातून अख्खा वाडगा कागदावर उभा राहतो. काठ बाहेर मुडपलेला आहे की आत वळलेला, भिंत कुठं जाड होते, हे एकदा हाताने काढलं की डोळा विसरत नाही. आमच्या वर्गातल्या ज्या मुलांना माणसाचा चेहरा काढता येत नसे त्यांनीही खापरांचे छेद अचूक काढले. शिक्षिका म्हणून माझं समाधान त्यात आहे.

गढीच्या जवळच कुंभारवाडा. तिथल्या एका आजोबांना मी एकदा विचारलं, आपल्याकडे कुंभारांनी झिलई का धरली नाही? त्यांनी थापी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘बाई, माठाला चकाकी दिली तर पाणी गार कसं होईल?’ बरोबरच होतं. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, झिलईने छिद्रं बुजली की तो उपयोग संपला. शिवाय उघड्या आव्यातली आच झिलईला पुरत नाही. तिला बंदिस्त भट्टी हवी, सरपण जास्त हवं, शिसं किंवा कथील विकत आणायला हवं. आणि घराघरांतल्या चालीही होत्याच. कुंभाराचं मडकं विटाळलं की फोडून टाकायचं, पण लोणच्याची चिनी मातीची बरणी सोवळ्यातही चालायची. झिलईच्या भांड्याला आपल्या स्वयंपाकघरात एवढाच कोपरा मिळाला. उरलेली झिलई मदरशांच्या आणि राजवाड्यांच्या भिंतींवर गेली. बिदरला बहमनी वजीर महमूद गावानच्या १४७२ च्या मदरशावर इराणी धाटणीच्या फरशा आजही पाहायला मिळतात. देवगिरीच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने तिथं कैदेत ठेवलं. त्या भिंतींवरच्या निळ्या फरशांचे अवशेष बघायला मी शाळेच्या सहली नेल्या आहेत. मुलांना तोफ बघायची असते. मी त्यांना भिंतीपाशी थांबवून ठेवायची.

नाशिकजवळच्या देवळालीची गोष्ट वेगळी. कॅम्पातले जुने बंगले रिकामे होतात तेव्हा सामानात पारशी आणि इंग्रजी घरांची रुची दिसते. तिथल्या एका बंगल्यातून एक फुलदाणी माझ्याकडे आली. वरून पिवळसर, त्यावर तपकिरी आणि हिरव्या झिलईत वेली. इराणी म्हणावी तर अंग लाल मातीचं, सिंधी म्हणावी तर नक्षी अजिंठ्याच्या छतावरची. अशी भांडी मुंबईत झाली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात सिंधची झिलईची विद्या मुंबईत आणली, शाळेत भट्टी चालवली आणि पुढे वंडरलँड आर्ट पॉटरी या नावाने कारखाना काढला. जॉर्ज बर्डवुड यांनी भारतीय कलाकौशल्यावरच्या १८८० च्या आपल्या ग्रंथात सिंधच्या आणि मुंबईच्या या कामाची दखल घेतली. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात अशी भांडी आहेत. माझी फुलदाणी त्यांच्या शेजारी मनात ठेवून पाहिली तेव्हा तिचं घराणं कळलं. काशानपासून सिंध, सिंधहून मुंबई, मुंबईहून देवळालीची हवा खायला आलेल्या कुणाच्या दिवाणखान्यात. ज्या बंगल्यातून ती आली तिथल्या लोकांनी ‘ही आजीच्या लग्नातली’ एवढं लिहून दिलं म्हणून शेवटची पायरी मला जोडता आली.

माझ्याकडे लोक वस्तू दाखवायलाही येतात. नाशिकरोडच्या एका कुटुंबातले वडील १९७० च्या दशकात नोकरीनिमित्त इराणात होते. त्यांनी तिथून एक वाडगा आणलेला. पांढऱ्या लेपावर काळ्या कुफी, म्हणजे कोनदार अरबी, अक्षरांची पट्टी, निशापूरचा म्हणून घेतलेला. मी तो अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरला. जुनी झिलई मंद राहिली आणि वाडग्याचा बराच भाग दुधाळ उजळला, म्हणजे तिथं नवा रंग होता. घरच्यांच्या परवानगीने काठापाशी कापसाला ॲसिटोन लावून हलकेच फिरवलं. कापूस काळा झाला. रंगाखाली प्लॅस्टर, आणि प्लॅस्टरमध्ये बसवलेली जुनी खापरं. त्यातल्या दोन खापरांची जाडी जुळत नव्हती. ती वेगळ्या वाडग्यांची होती. तुकडे सगळे खरे, जुने, फक्त एका भांड्याचे नाहीत. बाजारात असे सांधलेले वाडगे पुष्कळ फिरतात. वडील आता नव्हते. मुलाने विचारलं, ‘मग हे खोटं का?’ मी म्हटलं, अक्षरं खरी आहेत, ती लिहिणारा हात खरा आहे. वरचा रंग तेवढा काढून टाकू. आम्ही प्लॅस्टर उघडं ठेवलं. आता त्या वाडग्यात जुनं किती आणि भर किती ते लांबूनही कळतं, आणि मला तो पूर्वीपेक्षा देखणा वाटतो.

दुरुस्तीबद्दल माझं मत ठाम आहे. सांधा असा करावा की उद्या सोडवता येईल. मी पॅरालॉइड बी-७२ हा डिंक वापरते, तो ॲसिटोनमध्ये विरघळतो. घरगुती इपॉक्सीने जोडलेलं भांडं पुन्हा सोडवताना झिलईचे कपचे निघतात. जमिनीतून आलेल्या भांड्यात क्षार असतात. पावसाळ्यात ते ओल ओढून घेतात, मार्चच्या कोरड्या हवेत स्फटिक होऊन वर येतात आणि झिलई उचलतात. त्यावर उपाय म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवणं, पाणी बदलत राहणं आणि घाई न करणं. आणि या भांड्यात कधी लोणचं, चिंच, ताक घालू नये. जुन्या झिलईत पुष्कळदा शिसं असतं, आंबट पदार्थ ते बाहेर काढतो.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण नव्या संग्राहकांना ते माहीत नसतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मी आजवर एकही वस्तू विकलेली नाही आणि खणून काढलेली वस्तू घेतलेली नाही. पोत्यात ओली माती लागलेलं खापर दिसलं की मी ते चाचांना परत देत असे. मी घेतलं असतं तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी कुदळ घेऊन गढीवर गेलं असतं. गिऱ्हाईक आहे म्हणून खणणारे असतात. संग्राहकाने हे स्वतःपासून लपवू नये.

अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या जमवल्या आणि सगळं महाराष्ट्राला देऊन टाकलं. लोकांनी टाकून दिलेल्या रोजच्या वस्तूंचं मोल त्यांना कळलं होतं. झिलईच्या भांड्यांचं तसं काम मराठी मुलखात अजून व्हायचं आहे, आणि ते एकट्याच्या आवाक्यातलं नाही. माझ्या वह्यांत प्रत्येक वस्तूचा छेद, मापं, फोटो आणि चाचांची चिठ्ठी आहे. माझ्यानंतर या वह्या वस्तूंसोबतच जाव्यात, वेगळ्या होऊ नयेत, असं मी मृत्युपत्रात लिहून ठेवलं आहे.

तुमचा वाडा पाडायला निघाला असेल, मग तो नाशकात असो, पैठणला, नेवाशाला की जुन्नरला, तर फडताळं रिकामी करताना एवढं करा. भांडं किंवा फरशी काढण्याआधी ती जिथं आहे तिथंच तिचा फोटो घ्या. खोली, भिंत आणि आजी-आजोबांना आठवतं ते कागदावर लिहा आणि कागद वस्तूला बांधा. फुटलेलं असेल तर तुकडे एका पिशवीत ठेवा, चिकटवू नका. पाया खणताना खाली खापरं लागली तर काम एक दिवस थांबवून पुरातत्त्व खात्याला फोन करा. नाशकात असाल तर सरकारवाडा सराफ बाजारातच आहे.